रोदिकाबरोबर वटारला

वसईला जाऊन किल्ला न बघता परत आलेला पुणेकर मी एकटाच असेन. घरी पाऊल टाकल्याबरोबर मेहुण्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि मग तीन दिवस तिथे केलं तरी काय, हे मला त्यांना धड सांगता येईना. म्हणून आता, पावसाळ्यात, हे लिहायला बसलो आहे.

माझा धंदा टेनिसच्या रॅकेटला तारा ओढून देण्याचा. पुण्यात एका गाळ्यात माझं यंत्र आहे. स्पर्धा असली की तेच यंत्र मैदानावरच्या तंबूत नेऊन मांडतो. खेळाडू येतात, आकडा सांगतात आणि जातात. चौपन्न पौंड, अठ्ठावन्न पौंड, म्हणजे तार किती ताणायची त्याचा तो आकडा. तार सैल असली तर चेंडू लांब उडतो, कडक असली तर ताब्यात राहतो, पण दणका हाताला बसतो. पंचवीस वर्षं हे काम केल्यावर मी माणसांची तोंडं विसरतो, आकडे विसरत नाही.

रोदिकाचा आकडा चौपन्न. नव्वदच्या दशकात ती लागोपाठ तीन हिवाळे भारतात खेळायला आली होती. रुमानियातल्या डॅन्यूब नदीकाठच्या एका बंदराच्या गावची मुलगी. तिची आई रेल्वे कामगारांच्या क्लबात टेनिसच्या लाल मातीच्या कोर्टांवर पाणी मारायच्या नोकरीला होती. आई पाणी मारायची आणि पोरगी शेजारच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. तिकडचं सरकार उलथलं, माणसांच्या हाती पासपोर्ट आले, आणि अठराव्या वर्षी दोन रॅकेट घेऊन ही घराबाहेर पडली. हिवाळ्यात आपल्याकडे छोट्या स्पर्धा होत. तिथे थोडेफार गुण मिळत आणि त्यावर जागतिक यादीतला नंबर वर सरकत असे.

इथे तिला दुहेरीसाठी जोडीदार नव्हता. वसईजवळच्या वटार गावच्या नीलम राऊतलाही नव्हता. माझ्याच तंबूत, रॅकेटची वाट बघताना, त्या दोघींचं जमलं. रोदिका उंच, हाडापेराने मोठी, तर नीलम तिच्या खांद्याला लागायची, पण जाळ्याजवळ माशासारखी सुळकन फिरायची. तीन हिवाळ्यांत दोघींनी चार स्पर्धा जिंकल्या. तिसऱ्या वर्षी असं ठरलं होतं की पुण्याची स्पर्धा झाली की उन्हाळ्यात नीलमने रुमानियाला जायचं, रोदिकाच्या आईकडे राहायचं आणि युरोपातल्या स्पर्धा दोघींनी मिळून खेळायच्या. पुण्याच्या फायनलमध्ये दुसऱ्या सेटला रोदिका पडली, मनगट धरून बसली आणि सामना सोडून दिला. नीलमचा युरोप राहिला तो राहिलाच.

रोदिका पुढे मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या खेळत राहिली. दोनदा मुख्य फेरीतही पोचली. एकदा पहिल्या दहांतल्या एकीकडून तिने एक सेट घेतला, तेव्हा आमच्या पेपरात चार ओळी आल्या होत्या. शंभराच्या आत नंबर कधी आला नाही. मग खांदा गेला. दोन ऑपरेशनं झाली आणि तिशीच्या आतच तिला खेळणं थांबवावं लागलं.

गेल्या डिसेंबरात तीच रोदिका माझ्या गाळ्यात उभी. आता ती दोन कोवळ्या मुलींची प्रशिक्षक म्हणून आली होती. मुली पहिल्याच फेरीत हरल्या, आणि विमानाला अजून चार दिवस होते.

"नीलम कुठे राहते, तुला माहीत आहे ना?" तिने विचारलं. स्पर्धांमधलं इंग्रजी ती बोलते, मीही तेवढंच बोलतो, म्हणून आमचं चांगलं जमतं.

मला माहीत होतं. नीलमच्या रॅकेट अजूनही माझ्याकडेच येतात.

"मग मला घेऊन चल," ती म्हणाली.

कामण

भिवंडीहून वसईला जाणारी आमची एसटी कामणला बंद पडली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पत्र्याची लांबच लांब गोदामं आणि मध्ये धुळीचा रस्ता. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईल. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. रोदिकाने दोन पेरू घेतले आणि पँटला पुसून खायला लागली.

"बाये, पानी घाल त्याच्यावर, धूल हाय," बाई म्हणाली आणि आपल्याच तांब्यातलं पाणी तिने पेरूवर ओतलं. रोदिकाला भाषा कळली नाही, पण पाणी कळलं. तिने पेरू धुऊन घेतला, अर्धा कापून बाईपुढे धरला. बाई हसून म्हणाली, "माजेच पेरू मलाच देते."

चहा झाल्यावर रोदिका एकदम म्हणाली, "त्या फायनलच्या दिवशी सकाळी मी तुला दोन रॅकेट दिल्या होत्या. आठवतं?"

मला आठवत होतं. फायनल रविवारी व्हायची होती, पण आधीचा सामना लांबून उजेड गेला म्हणून ती सोमवारवर ढकलली. सोमवारी सकाळी तिने तीनपैकी दोन रॅकेट मला आणून दिल्या आणि सांगितलं, या तारा काप, साठवर ओढ. साठ म्हणजे सिमेंटच्या कोर्टासाठी, आमची फायनल होती मातीवर. फायनलला निघताना तिच्याकडे खेळण्यासारखी एकच रॅकेट उरली होती. एकाच रॅकेटवर फायनल खेळायला कुणी जात नाही. मला काय समजायचं ते तेव्हाच समजलं होतं.

"त्या दुपारी माझं विमान होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या देशात एकेरीची स्पर्धा होती, त्याहून मोठी. तिसरा सेट झाला असता तर विमान चुकलं असतं. मनगटाला काहीच झालं नव्हतं. तू कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"नीलमलाही नाही?"

"नाही."

तिने चहाचा रिकामा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "मी तिला सांगायला चालले आहे," ती म्हणाली. मला वाटलं, दुसरी गाडी न आलेलीच बरी. पण ती आली.

वटार

वसईहून रिक्षा केली. गास गाव मागे पडलं, आणि रस्ता इतका हिरवा झाला की पुण्याच्या माणसाने डोळे चोळावेत. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये नागवेलीचे मांडव, वळणावळणावर पांढरे क्रूस आणि त्यांच्या पायाशी झेंडूच्या माळा. मध्येच एखादं बावखल लागायचं. बावखल म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं. रोदिका म्हणाली, "आमच्याकडेही रस्त्याच्या कडेला असेच क्रूस असतात, फक्त त्यांना लाकडाचं छोटं छप्पर असतं. बर्फ पडतं ना."

नीलमच्या वडिलांना सगळं गाव भाई म्हणतं. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, हातात कोयता. त्यांनी रोदिकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ही फोटोपेक्षा उंच आहे." नीलमच्या आईने आधी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मग पाणी दिलं. रोदिका मला म्हणाली, आमच्या घरी पाहुण्याला दारात पाव आणि मीठ देतात. मी ते सांगितल्यावर आई घरातल्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला अर्धंच कळलं, भाईंनी उरलेलं सांगितलं: "ती म्हणते, मीठ जेवताना देऊ, दारात कशाला."

नीलम शाळेतून आली. जवळच्याच एका शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे. फाटकाशीच ती थांबली. रोदिका उठून उभी राहिली. मिठी वगैरे झाली नाही. नीलमने पुढे येऊन तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, मनगट अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं आणि विचारलं, "दुखतं का अजून?"

"नाही," रोदिका म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी आणि कोलंबीचा रस्सा. रोदिकाने भाकरीचा वास घेतला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाची मामालिगा करतात, घट्ट पिठल्यासारखी, आणि तिचे दोऱ्याने तुकडे पाडतात. आईंना हे फार आवडलं. दोऱ्याने कापायचं, म्हणजे सुरी धुवायला नको. जेवणावर सुकेळी आली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती मधासारखी गोड आणि चिवट होतात. रोदिकाने चार खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कोर्ट पाहिलं. नीलमचा खेळ या कोर्टावर तयार झाला हे मला वीस वर्षं ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहणं निराळं. वाडीच्या मधोमध भाईंनी कधीकाळी केळी काढून जमीन सपाट केली, मुरूम ठोकला, वर माती आणि शेण. चुन्याच्या रेघा. मध्ये टेनिसची जाळी नव्हतीच, अर्नाळ्याच्या कोळ्यांकडून आणलेलं मासे धरायचं जाळं दोन बांबूंना ताणून बांधलेलं. तीन बाजूंना केळी, चौथ्या बाजूला सोनचाफा.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या सहा मुली शिकायला येणार, म्हणून कोर्ट सारवायचं होतं. आई, नीलम आणि शेजारची एक बाई ओळीने बसून शेणाचा हात फिरवत मागे सरकत होत्या. रोदिका थोडा वेळ बघत राहिली. मग बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आईंच्या शेजारी उकिडवी बसली. आईंनी तिचा पंजा धरून कसा गोल फिरवायचा ते दाखवलं. तिचा हात लांब, एका फेरीत दोघींचं काम करणारा. आई म्हणाल्या, "हिला ठेवून घेऊ." शेजारची बाई शेणाचा हात तोंडावर धरून हसली आणि मग पुन्हा हसली.

कोर्ट वाळेपर्यंत आम्ही चाफ्याखाली बसलो, नीलम, रोदिका आणि मी. आई चहा ठेवायला गेल्या होत्या. रोदिकाच्या हातावरचं शेण सुकून त्याला भेगा पडल्या होत्या, ती ते नखाने काढत होती.

"नीलम," ती म्हणाली, "पुण्याच्या फायनलला माझं मनगट दुखत नव्हतं."

"दुखत होतं," नीलम म्हणाली. "मी पाहिलं ना. चेंडू मधोमध आला. मी ओरडले, तुझा. तू झेप घेतलीस आणि पडलीस."

"पडले, खरं आहे. पण लागलं नव्हतं. मला निमित्त हवं होतं. दुपारी विमान होतं." मग तिने सगळं सांगितलं, त्या दोन रॅकेटसुद्धा. मध्ये थांबली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "त्या स्पर्धेत मी सेमीफायनलला गेले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला आठवडा. तू मला पत्र लिहिलं होतंस, अभिनंदन म्हणून. मी उत्तर दिलं नाही."

नीलमच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. हिशेबातली चूक शोधणाऱ्या माणसासारखी ती समोरच्या जाळ्याकडे बघत होती.

"तो चेंडू माझा होता," ती म्हणाली, शेवटी. "मला पोचता आलं असतं. मी घाबरले आणि तुझ्यावर ढकलला. इतकी वर्षं मी असं समजत आले की तुझा हात माझ्यामुळे गेला."

रोदिकाने मान वर केली.

"तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पेपरात आलं होतं. मी काकांना फोन केला." ती माझ्याकडे वळली. "आठवतं, काका? मी विचारलं होतं, मनगट वाचवायला तिने फटका बदलला असेल आणि सगळा भार खांद्यावर गेला असेल, असं होतं का?"

मला आठवत होतं. गाळ्यात गिऱ्हाईक होतं, मी यंत्राशी वाकलेलो होतो, आणि मी म्हणालो होतो, "होतं कधीकधी."

"तुम्हाला माहीत होतं," नीलम म्हणाली.

"रॅकेट माझ्याकडेच होत्या," मी म्हणालो. "मला वाटलं, झालं गेलं. सांगून तुला उगाच त्रास."

"मग मला त्रास नव्हता का?"

नीलम उठली, चुन्याची बादली घेऊन कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि आमच्याकडे पाठ करून रेघा मारायला लागली. चहा आला, तो तिने घेतला नाही.

भाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाहुण्यांना फिरवायचं म्हणून दुपारी ते आम्हा दोघांना आगाशीला भुजिंग खायला घेऊन गेले. भुजिंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि पोहे एकत्र. आमच्याकडे पोह्यांत कोंबडी घातली तर घरातून बाहेर काढतील, पण चव अशी की मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि लाज वाटून खाली बघितलं. रोदिकाने पोहे नुसते चिवडले.

"नीलम त्या उन्हाळ्यात हिच्याकडे जाणार होती," भाई मला म्हणाले. "पासपोर्ट काढला, स्वेटर विणून घेतला. मग तीच म्हणाली, नाही जायचं. मी म्हटलं, अगं तुझी मैत्रीण आहे, हात बरा होईल तिचा. तर म्हणे, मी कुणाबरोबर खेळायच्या लायकीची नाही. का म्हणाली, कधी कळलं नाही मला."

रोदिकाने विचारलं, भाई काय म्हणतायत. क्षणभर वाटलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण असं एकदा करून बसलो होतो. मी शब्दाला शब्द सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं आणि भाईंचा हात धरला. भाईंना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी तिच्यासाठी ताक मागवलं.

रविवार

सकाळी सहाही मुली आल्या. नीलमने रोदिकाला बाहेर बोलावलं. मला वाटलं होतं ती भेटणारच नाही.

"मी विसरले असं म्हणणार नाही," नीलम म्हणाली. "रात्रभर विचार केला, आणि राग आहे. तो राहील. पण या मुलींनी परदेशी खेळाडूचा चेंडू कधी घेतलेला नाही. तू आलीच आहेस, तर पलीकडे उभी राहा."

खांद्यामुळे रोदिकाचा हात डोक्यावर जात नाही. तिने खालून सर्व्हिस केली, लहान पोरं करतात तशी. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. पण पहिलाच चेंडू जमिनीला टेकून असा आडवा सरपटला की समोरची मुलगी हवेतच रॅकेट फिरवून मोकळी झाली. मग मात्र सगळ्या सावरून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने दुहेरी सुरू झाली. रोदिकाने मुद्दाम चेंडू मधोमध टाकला. दोन्ही मुली धावल्या, एकमेकींवर आपटल्या आणि रॅकेटवर रॅकेट वाजली. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"या ओरडत का नाहीत?" रोदिकाने नीलमला विचारलं. "माझा, तुझा, काहीतरी. तू तर केवढ्याने ओरडायचीस."

"मी शिकवलंय तसं," नीलम म्हणाली. "जिला पोचता येईल तिने घ्यायचा. दुसरीला बोलवायचं नाही. आदळल्या तर आदळल्या."

रोदिकाला समजलं. मलाही समजलं. जाळ्याच्या दोन बाजूंना त्या दोघी नुसत्या उभ्या होत्या, आणि मुली वाट बघत होत्या.

मग नीलमने मुलींना जवळ बोलावलं. "ऐका," ती म्हणाली. "आजपासून चेंडू मध्ये आला की बोलायचं. घेणार असाल तर 'माझा' म्हणायचं. पोचत नसाल तर 'तुझा' म्हणायचं आणि जोडीदारावर सोडायचा. मी तुम्हाला चुकीचं शिकवत होते."

एका मुलीने विचारलं, "आणि तुझा म्हटलं आणि ती पडली तर, टीचर?"

नीलमने पायाजवळचा चेंडू उचलून तिच्या हातात दिला. "पडली तर जाऊन बघायचं, लागलंय का," ती म्हणाली. "आणि जिला लागलंय तिने खरं सांगायचं."

हे सगळं मराठीत झालं. रोदिकाने मला विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं की तिला पुरेसं समजलं आहे.

अकरापर्यंत खेळ चालला. रोदिकाचा खांदा धरला, तेव्हा आईंनी तिला ओटीवर बसवून खोबरेल तेल चोळलं. त्या आपल्या बोलीत बोलत होत्या, ती रुमानियनमध्ये उत्तरं देत होती आणि दोघींचं काही अडत नव्हतं.

दुपारी रिक्षा आली. आईंनी सुकेळीचं पुडकं दिलं. नीलम फाटकापर्यंत आली. रोदिका म्हणाली, "मी परत येऊ का?"

"पावसाळ्यात ये," नीलम म्हणाली. "तेव्हा कोर्टावर पाणी असतं. टेनिस नसतं इथे."

माझ्याशी ती काहीच बोलली नाही. मी नमस्कार केला, तिने मान हलवली.

पुढे सात महिने वटारहून माझ्याकडे एकही रॅकेट आली नाही. मी फोन करायला दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली ठेवला. जुलैत एका दुपारी गाळ्यातला फोन वाजला. भाई होते. ओरडून बोलत होते, मागे पावसाचा आवाज. रोदिका आठवडाभरासाठी आली आहे, म्हणाले, ओटीवर बसून आईबरोबर वाल सोलते आहे, तुमचं यायचं काय? मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

"काका," नीलम म्हणाली, "तीन मुलींच्या रॅकेट पाठवतेय. बावन्न ठेवा, त्यांचे हात अजून कोवळे आहेत."

"बरं."

"आणि काका, काही दिसलं तर मला सांगायचं. त्रास होईल की नाही, ते मी बघेन."

"सांगेन," मी म्हणालो.